युथ वर्कसाठी वर्षभर परदेशात सेवेला जायचं असेल तर: पासपोर्टपासून निरोपापर्यंत

सर्वांना सलाम. दर वर्षी परीक्षा संपल्या की आमच्या चर्चच्या तरुण संघातली दोन-तीन पोरं-पोरी मला गाठतात, ताई मलापण परदेशात युथ वर्कसाठी, म्हणजे चर्चमार्फत तिथल्या मुलांसोबत काम करायला, सेवेला जायचंय, कसं करायचं सांग ना. उपासनेनंतर चहा पिता पिता पाच मिनिटांत काय काय सांगणार, अर्धं राहूनच जातं आणि मग रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर "ताई तो टीबी टेस्टचं काय म्हणालीस" सुरू होतं. म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहितेय.

मी ऐरोलीची, आमची मंडळी म्हणजे आमचं चर्च ठाण्यात. बीकॉम झाल्यावर बाविसाव्या वर्षी मी स्कॉटलंडमधल्या एका छोट्या गावात चर्चच्या युथ क्लबमध्ये अकरा महिने व्हॉलंटियर होते. त्यामुळे यूकेबद्दल जास्त लिहिणार, बाकी देशांबद्दल जेवढं पक्कं माहितीये तेवढंच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण खालचं सगळं तिच्यावरच उभं आहे. तुम्ही वर्षाने परत येणार आणि ती मुलं तिथेच राहणार. व्हिसा कुठला घ्यायचा, पैसे किती लागतील, मुलांशी किती जवळीक करायची, निघताना काय बोलायचं, काहीही ठरवताना आधी हे आठवा. मध्येच पळून आलात, पैसे संपले, व्हिसा चुकीचा निघाला, तर तुमचं एक तिकीट वाया जाईल, पण तिकडे एखादा बारा वर्षांचा मुलगा शुक्रवारी दारात उभा राहून विचारेल की ती का नाही आली.

आधी एक वर्ष इथे

इथे संडे स्कूल किंवा तरुण संघात सलग एक वर्ष काम केलेलं नसेल तर अर्जच करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. सलग म्हणजे ख्रिसमसच्या नाटकापुरतं आणि उन्हाळ्याच्या व्हीबीएसपुरतं (सुट्टीतली बायबल शाळा) नाही हां, जूनच्या पावसात ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडलेली असताना, वर्गात चारच मुलं आलेली असताना, त्यातला एक भिंतीला पाय लावून बसलेला असताना तुम्ही तिथे होतात का, ते. कारण तिकडे रोज तसाच दिवस असतो. स्टेजवर गिटार वाजवणं वर्षातून चार वेळा येतं, खुर्च्या लावणं आणि उचलणं आठवड्यातून चार वेळा.

या वर्षात एक वही ठेवा. कुठल्या दिवशी किती मुलं आली, काय खेळ घेतला, काय फसलं, कोणाशी काय बोलणं झालं. मुलांची पूर्ण नावं लिहायची गरज नाही. मला इंटरव्ह्यूत विचारलं होतं की दोन मुलं मारामारी करत असतील तर तुम्ही काय कराल, आणि माझ्याकडे वहीत खरोखरचे तीन प्रसंग होते त्यामुळे पुस्तकी उत्तर द्यावंच लागलं नाही.

सोबत फर्स्ट एडचा कोर्स करून टाका, रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा, फार दिवसांचा नसतो. आणि साधा स्वयंपाक शिका. पंचवीस जणांसाठी पास्ता उकडता येणं हे तिकडे बायबल स्टडी घेण्याइतकंच उपयोगाचं आहे, मी खरंच सांगतेय.

पाळकसाहेबांशी किंवा फादरांशी लवकर बोला. शिफारसपत्र सगळीकडे लागतं, आणि ज्यांनी तुम्हाला वर्षभर काम करताना पाहिलंय त्यांचं पत्र वाचतानाच वेगळं वाटतं. आमच्या पाळकांनी माझ्या पत्रात लिहिलं होतं की ही उशिरा येते पण आली की शेवटपर्यंत थांबते. मला तेव्हा वाईट वाटलेलं, पण तिकडच्या युथ वर्करने नंतर सांगितलं की त्या एका वाक्यावर तुला घेतलं, कारण बाकी सगळी पत्रं नुसती स्तुतीने भरलेली होती.

कुठे आणि कोणामार्फत

यूकेसाठी जो व्हिसा आपल्या कामाचा आहे त्याला चॅरिटी वर्कर व्हिसा म्हणतात. जास्तीत जास्त बारा महिने मिळतो, पगार मिळत नाही, राहणं-जेवण आणि खर्चापुरते पैसे चालतात, आणि जी संस्था बोलावतेय तिच्याकडे सरकारचं स्पॉन्सर लायसन्स असावं लागतं. लायसन्स असलेल्या संस्थांची यादी यूके सरकारच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली आहे, आधी ती उघडा आणि नाव शोधा. नाव नाही म्हणजे विषय संपला, मग ते लोक कितीही प्रेमाने बोलत असोत. उत्तर आयर्लंडमध्ये कॉरीमिला नावाचा ख्रिस्ती समाज आहे, १९६५ साली रे डेव्ही यांनी सुरू केला, दोन भांडणाऱ्या समाजांमध्ये समेट हे त्यांचं मूळ काम, तिथे वर्षभराचे व्हॉलंटियर शाळांच्या आणि युथ ग्रुपच्या मुलांसोबत काम करतात. समेटाच्या कामात मन असेल तर हे जरूर बघा.

जर्मनीत दोन मार्ग आहेत, एक स्वैच्छिक सामाजिक वर्ष ज्याला ते एफएसजे म्हणतात, ते सत्तावीस वर्षांच्या आतल्यांसाठी, आणि दुसरा फेडरल व्हॉलंटियर सर्व्हिस, बीएफडी, जो २०११ मध्ये सुरू झाला आणि त्याला वयाची वरची मर्यादा नाही. दोन्हीत चर्चच्या संस्था खूप आहेत. पॉकेटमनी मिळतो, विमा त्यांच्याकडून, आणि वर्षभराच्या सेवेत पंचवीस दिवस ट्रेनिंगचे सेमिनार असतात. अडचण एकच, जर्मन. मुलं तुमच्याशी इंग्लिश बोलायला बसलेली नसतात, त्यामुळे कामचलाऊ जर्मन यायलाच हवी. काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनला क्लास लावायचा तर ऐरोलीहून जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, पण ऑनलाइन बॅचेसपण असतात. जायच्या किमान वर्षभर आधी सुरू करा.

अमेरिका-कॅनडासाठी मेनोनाइट सेंट्रल कमिटी या ख्रिस्ती संस्थेचा आयव्हीईपी कार्यक्रम १९५० पासून चालू आहे, तरुणांना वर्षभरासाठी बोलावतात, ऑगस्ट ते पुढचा जुलै, निवड जास्त करून त्यांच्या भागीदार मंडळ्या आणि संस्थांमार्फत होते. सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाल्यांनी आपल्या डायोसिसच्या (बिशपच्या विभागाच्या) ऑफिसात विचारावं, कारण सीएनआय ही कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशन या चर्चच्या जागतिक संघटनेची सभासद आहे आणि तिथे तरुणांसाठी ट्रेनिंग असतं. वायवॅम या मिशन संस्थेचं डीटीएस (शिष्यत्वाचा कोर्स) आणि ओएम या मिशन संस्थेचं लोगोस होप जहाज आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, पण तिथे खर्च तुम्हाला स्वतः उभा करावा लागतो, आणि डीटीएस हा मुळात तुमच्या स्वतःच्या शिक्षणाचा पाच-सहा महिन्यांचा कोर्स आहे, आधी वर्ग मग आउटरीच, म्हणजे बाहेर जाऊन सेवा. चांगलंच आहे, फक्त ते युथ वर्क समजून जाऊ नका.

कॅथलिक मुलामुलींना कोरियातलं सोल डोळ्यासमोर दिसतंय, पुढचा वर्ल्ड युथ डे, म्हणजे जगभरातल्या कॅथलिक तरुणांचा मेळावा, तिथे ३ ते ८ ऑगस्ट २०२७ ला आहे. तिथे व्हॉलंटियर म्हणून गेलात तर अनुभव मोठा मिळेल पण ते इव्हेंटचं काम, गर्दी सांभाळणं, रस्ते दाखवणं. फ्रान्समधलं तेझे हे ब्रदर लोकांचं मठासारखं ठिकाण वेगळं, ब्रदर रॉजर १९४० मध्ये तिथे आले आणि आज दर आठवड्याला जगभरातली तरुण मंडळी तिथे प्रार्थनेला येतात, काही जण काही महिने थांबून स्वयंपाक, साफसफाई, बायबल गटांचं काम करतात. वर्षभराची उडी घ्यायची भीती वाटत असेल तर अशा ठिकाणी आधी थोडे दिवस राहून बघणं चांगलं.

दोन आठवड्यांच्या मिशन ट्रिपबद्दल बरेच विचारतात. जा, शिका, बघा, पण तिथल्या मुलांना मिठ्या मारून फोटो काढून चौदाव्या दिवशी गायब होणं याला मी युथ वर्क म्हणणार नाही.

नेपाळबद्दल वेगळं लिहावं लागेल कारण व्हिसा लागत नाही म्हणून आपली मुलं उठून जातात. तिथे २०१५ च्या राज्यघटनेतच धर्मांतर करवण्यावर बंदी आहे आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही परत याल, पण तुम्हाला घरी ठेवून घेणारं कुटुंब तिथेच राहील आणि चौकशी त्यांची होईल. आखाती देशांतपण चर्चच्या कंपाउंडच्या बाहेर काय चालतं आणि काय नाही हे तिथल्या पाळकांना विचारल्याशिवाय एक पाऊल टाकू नका.

बोलावणाऱ्यांना विचारायचे प्रश्न

आपल्याकडे पाहुणचार करणाऱ्याला प्रश्न विचारणं उद्धटपणा वाटतो, मलापण वाटलेलं, आणि त्याचा मला त्रास झाला. ईमेलमध्ये "फुल टाइम" एवढंच लिहिलेलं आणि मी बरं म्हणाले. पहिले सात आठवडे मला एकही पूर्ण सुट्टीचा दिवस मिळाला नाही कारण कोणी ठरवलाच नव्हता, वाईट हेतू कोणाचा नव्हता, प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याने दिला असेल. त्यामुळे लेखी विचारा. आठवड्याचे तास किती, सुट्टी कुठल्या वारी, माझ्यावर देखरेख कोण करणार आणि ती व्यक्ती माझ्याशी दर आठवड्याला बसून बोलणार का, राहायचं कुठे, खोली माझी एकटीची का आणि दाराला आतून कडी आहे का, जेवण कोण देणार, आजारी पडले तर काय, मुलांच्या सुरक्षेचं धोरण लेखी आहे का आणि ते मला आधी वाचायला मिळेल का, तक्रार असेल तर माझ्या सुपरवायझरच्या वर कोण. याआधीच्या व्हॉलंटियरशी बोलायला द्या असंपण म्हणा. चांगली संस्था या प्रश्नांनी खूश होते. टाळाटाळ करणारी संस्था तुम्ही टाळा.

फसवणुकीबद्दल थोडं. "कॅनडात ख्रिस्ती युवा परिषद, सगळा खर्च आम्ही करू, फक्त रजिस्ट्रेशन फी भरा" अशी ईमेल आपल्या मंडळ्यांमध्ये दर दोन-चार महिन्यांनी फिरते, खाली बिशपची सही असते, बायबलचं वचन असतं, सगळं असतं. पत्रासाठी, स्पॉन्सरशिपसाठी किंवा जागा धरून ठेवायला पैसे मागितले की थांबा. त्या चर्चचा फोन नंबर ईमेलमधून घेऊ नका, स्वतः शोधून तिथे फोन करा.

कागदपत्रं

पासपोर्ट आजच काढा, सेवा ठरायची वाट बघू नका. ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटला आहे, छत्तीस पानांच्या नेहमीच्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. आपल्या लोकांची खरी गडबड नावात होते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर वडिलांचं नाव मध्ये चिकटलेलं. माझ्या मैत्रिणीच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर रूथ होतं आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर रुतु, ते एक करून घेण्यात तिचे चार महिने गेले. सगळे कागद टेबलावर पसरून एकदा अक्षरं लावून बघा. दहावी पास असाल तर त्याचं सर्टिफिकेट अर्जाला जोडा म्हणजे पासपोर्टवर ईसीआरचा (काही देशांत कामाला जायला आधी सरकारी मंजुरी लागते असा) शिक्का येणार नाही.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्टच्याच वेबसाइटवरून, फी ५०० रुपये. मुलांसोबत काम म्हणजे हे जवळजवळ सगळे मागतात. त्याशिवाय तिकडे गेल्यावर त्यांची स्वतःची तपासणी असते, इंग्लंड-वेल्समध्ये डीबीएस, स्कॉटलंडमध्ये पीव्हीजी, उत्तर आयर्लंडमध्ये ॲक्सेसएनआय. ती पूर्ण होईपर्यंत तुम्हाला मुलांमध्ये मोकळं सोडत नाहीत. आपल्यावर विश्वास नाही असं वाटून घेऊ नका, तिथल्या पाळकांचीपण तीच तपासणी होते.

यूकेला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर टीबीची तपासणी लागते, ती त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच, जवळच्या लॅबमधला एक्स-रे चालत नाही, आणि सर्टिफिकेट सहा महिने चालतं म्हणून फार लवकरपण करू नका. केनिया, युगांडा अशा देशांत जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तिचं पिवळं कार्ड परत येताना मुंबई एअरपोर्टलापण बघतात, नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात.

टुरिस्ट म्हणून जाऊन सेवा करून येऊ, कोण विचारतंय, असं सांगणारे खूप भेटतील, मंडळीतलेच, प्रेमाने सांगतात. करू नका. यूकेच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीत तीस दिवसांपर्यंत व्हॉलंटियरिंग चालतं, त्याच्या पुढे एक दिवसपण नाही. आणि इमिग्रेशनच्या काउंटरवर खोटं बोलून तुम्ही ज्या मुलांना खरं बोलायला शिकवायला चाललाय त्यांच्यासमोर कसे उभे राहणार.

पैसे

चॅरिटी वर्कर व्हिसासाठी खात्यात १,२७० पाउंड सलग अठ्ठावीस दिवस दिसायला हवेत, म्हणजे साधारण दीड लाखाच्या आसपास. पण स्पॉन्सरने आपल्या सर्टिफिकेटमध्ये "पहिल्या महिन्याचा खर्च आम्ही बघू" असं नमूद केलं तर हे लागत नाही, त्यामुळे आधी त्यांना विचारा. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, वर्षाला १,०३५ पाउंड, हा मोठा खर्च आहे आणि लोक हाच विसरतात. वर व्हिसा फी, टीबी, तिकीट. आकडे दर वर्षी-दोन वर्षांनी वाढतात म्हणून फॉर्म भरायच्या दिवशी सरकारी वेबसाइटवर परत बघा.

परतीच्या तिकिटाचे पैसे आधीच बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. मी ते आईच्या नावाने एफडीत ठेवले होते.

मंडळीकडे मागायचं कसं? माझं मत, देणगीचं पाकीट फिरवण्याआधी एका रविवारी उभं राहून खर्चाचा कागद वाचून दाखवा, किती लागणार, किती मी स्वतः नोकरी करून जमवले, किती कमी पडतायत. मी आठ महिने महापेला एका ऑफिसात डेटा एंट्री केली आणि निम्मे जमवले. उरलेले मंडळीने दिले, त्यात एका आजींनी रुमालात बांधून दिलेले तीनशे रुपये होते. दर तीन महिन्यांनी हिशोब मंडळीच्या सेक्रेटरींना पाठवायचे, कोणी मागितला नव्हता तरी.

एक कायद्याची गोष्ट. परदेशातलं चर्च म्हणालं की तुझ्या तयारीसाठी आम्ही तुमच्या मंडळीच्या खात्यात पैसे पाठवतो, तर मंडळीकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) असायला हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तुमच्या सेव्हिंग खात्यात तर अजिबात मागवू नका. त्यांना सांगा तिकीट तुम्हीच तिकडून काढून द्या, भानगडच नको.

घरचे

पप्पा लगेच हो म्हणाले, आई तीन महिने काही बोललीच नाही, नुसती भांडी जोरात ठेवायची. मी तिला सेवा, देवाचं पाचारण (बोलावणं), पंडिता रमाबाई १८८३ ला इंग्लंडला गेल्या होत्या वगैरे सगळं सांगून बघितलं. ती म्हणाली रमाबाईंची आई ऐरोलीला वाट बघत बसली नव्हती. शेवटी उपयोग कशाचा झाला तर तिकडच्या युथ वर्कर बाईंनी आईशी व्हिडिओ कॉल केला, मी मध्ये बसून मराठीत सांगत होते. आईने एकच विचारलं, हिला ताप आला तर रात्री हिच्याजवळ कोण असणार? त्या बाईंनी स्वतःचं घर दाखवलं, जिना दाखवला, माझी खोली दाखवली, म्हणाल्या मधे एक भिंत आहे. तेव्हा आई उठून चहा टाकायला गेली. तर असा कॉल करून द्या, आईवडिलांचे प्रश्न भाबडे वाटले तरी पूर्ण विचारू द्या.

तिकडे पोचल्यावर: मुलांशी वागणं

हा भाग दोनदा वाचा.

आपल्याकडे तरुण संघात दादा-ताई म्हणजे घरचेच. लहान मुलाला उचलून घेणं, गालगुच्चा, उशीर झाला तर बाइकवर घरी सोडणं, रात्री व्हॉट्सॲपवर "काय रे झोपला नाहीस" हे सगळं मायेचंच असतं. तिकडे यातलं एकही चालत नाही. दोन मोठी माणसं असल्याशिवाय मुलांसोबत खोलीत थांबायचं नाही. एकट्या मुलाशी बोलायचं झालं तर दार उघडं, किंवा जिथून दुसऱ्या लीडरला दिसेल अशा कोपऱ्यात. स्वतःच्या नंबरवरून मुलांना मेसेज नाही, इन्स्टावर फॉलो नाही. पालकांची लेखी परवानगी नसेल तर फोटो नाही. मिठी मुलाने स्वतःहून मारली तर बाजूने, पटकन, सगळ्यांसमोर.

पहिला महिना मला हे फार कोरडं वाटलं. मग ट्रेनिंगमध्ये कळलं की हे नियम चर्चमध्ये मुलांचं शोषण झाल्याची प्रकरणं उघडकीला आल्यावर आलेत, आणि ज्यांनी ते केलं ती माणसं बहुतेक वेळा सगळ्यांची लाडकी, मुलांवर जीव टाकणारी समजली जायची. माया खरी आहे का खोटी हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून नियम सगळ्यांना सारखा. आपल्याकडेही २०१२ चा पॉक्सो कायदा आहेच, गुन्हा माहीत असून कळवला नाही तर त्यात शिक्षा आहे, पण किती मंडळ्यांत संडे स्कूलच्या शिक्षकांना तो कोणी समजावून सांगितलाय?

मुलाने काही गंभीर सांगितलं, घरी मारतात, कोणी हात लावला, तर काय करायचं ते नीट लक्षात ठेवा. शांतपणे ऐका. "मी कोणाला सांगणार नाही" हे वचन कधीही देऊ नका, हे आधीच सांगा की तुला सुरक्षित ठेवायला मला एका माणसाला सांगावं लागेल. खोदून प्रश्न विचारू नका. त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून काढा आणि सेफगार्डिंगची, म्हणजे मुलांच्या सुरक्षेची, जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे द्या. मग त्यावर कोणाशी चर्चा नाही, प्रार्थनेच्या गटातपण नाही. आपल्याकडे प्रार्थनाविनंती म्हणून सगळं गावभर होतं, ते तिकडे तर अजिबात नको, आणि खरं तर इथेही नको.

ॲलर्जीचं मी स्वतः अनुभवलंय. निघताना काकांनी लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की दिली होती चार पाकिटं, मुलांना दे म्हणून. पहिल्याच शुक्रवारी मी ती टेबलावर उघडून ठेवली. दाराशी सही घेणाऱ्या आजोबांनी ती बघितली आणि धावत आले, मी म्हातारं माणूस एवढ्या जोरात धावताना बघितलं नव्हतं. एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, नुसत्या कणाने घसा सुजेल अशी. तिच्या फॉर्मवर लाल अक्षरात लिहिलेलं होतं आणि तो फॉर्म मी वाचला नव्हता. ती अजून आली नव्हती म्हणून निभावलं. आम्ही तिघांनी टेबल, दाराची मूठ, टेबल टेनिसच्या बॅट सगळं पुसून काढलं, ते आजोबा मला एक शब्द बोलले नाहीत, नुसती दुसरी ओली फडकी देत राहिले. त्या दिवसापासून मी हॉलमध्ये शिरताना आधी फॉर्मची फाइल हातात घ्यायचे आणि मगच जॅकेट काढायचे. (जाता जाता, साजूक तूप, पेढे सामानात टाकू नका, यूके आणि युरोपात भारतातून दुधाचे पदार्थ आणि मटण-चिकन नेता येत नाही. गोडा मसाला माझा व्यवस्थित गेला.)

येणारी निम्मी मुलं चर्चमध्ये कधी गेलेली नसतात, ती टेबल टेनिस आणि गरम टोस्टसाठी येतात. आपल्याकडे वचन पाठ करून घ्यायची सवय, तिकडे पहिल्याच दिवशी बायबल उघडलंत तर पुढच्या आठवड्यात येणार नाहीत. मी पहिले दोन महिने फक्त टोस्टला लोणी लावलं. ऑक्टोबरात एका मुलाने विचारलं की तू भारतातून इथे टोस्ट करायला का आलीस, तेव्हा मी त्याला माझी साक्ष, म्हणजे माझ्या विश्वासाची गोष्ट, सांगितली, चार वाक्यांत, सोप्या इंग्लिशमध्ये. त्याने ऐकलं, आणि अजून एक टोस्ट मागितला.

इंग्लिशचं म्हणाल तर तिकडचं इंग्लिश पहिले तीन आठवडे कळत नाही, स्कॉटलंडमध्ये तर नाहीच. परत सांग म्हणायची लाज धरू नका. मुलांना मोठ्या माणसाला शिकवायला फार आवडतं.

एकटं वाटायला लागलं की

डिसेंबरात तिकडे पावणेचारला सूर्य मावळतो. क्लबची मुलं घरी गेली की गाव एकदम बंद. मला आमच्या बिल्डिंगमधल्या कुकरच्या शिट्ट्यांची आठवण यायची, त्यावर मी रडलेय. हे होणार हे आधीच धरून चाला. घरी रोज कॉल करू नका, दोन ठरलेले दिवस ठेवा, वेळेचा फरक हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार. दिवसा उजेड असेल तेव्हा बाहेर चालून या, पाऊस असला तरी. स्वतःची मराठी प्रार्थना सोडू नका, दिवसभर इंग्लिशमध्ये प्रार्थना करून मन कोरडं होतं, मी रात्री रेव्हरंड ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग म्हणायचे, हळू आवाजात.

सुट्टीच्या दिवसाचा जो प्रश्न वर लिहिला तो मी आठव्या आठवड्यात काढला. रागात नाही, कागदावर सात आठवड्यांचं टाइमटेबल लिहून सुपरवायझरसमोर ठेवलं. त्यांना धक्काच बसला, माफी मागितली, सोमवार सुट्टी ठरली. सहन करणं म्हणजेच सेवा असं समजून मी अजून दोन महिने गप्प बसले असते तर आजारी पडून परत आले असते. आणि प्रकरण साधं नसेल, कोणी पासपोर्ट काढून घेतला, पैशांसाठी राबवलं, अंगचटीला आलं, तर लगेच भारतीय दूतावास आणि परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात दूतावासाचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, फोनमध्येच ठेवला आणि फोनच गेला तर काय करणार.

निरोप

निघायच्या सहा आठवडे आधी मुलांना तारीख सांगा. शेवटच्या दिवशी सरप्राइज नको. ज्यांच्या घरातून माणसं अचानक निघून गेलीयत अशी मुलं युथ क्लबमध्ये जास्त असतात, त्यांना अजून एक अचानक जाणारं माणूस नको. "मी परत येईन" असं बोलू नका, पुढच्या वर्षीची खात्री तुम्हाला नाही. मला एका मुलाने विचारलं तू पुढच्या शुक्रवारी पण येशील ना, मी म्हणाले नाही, पुढच्या शुक्रवारी मी घरी असेन, इथे दाराशी आजोबा असतील आणि टोस्टला नवीन दादा असेल. तो तोंड फिरवून पूल टेबलाकडे गेला, अर्ध्या तासाने येऊन माझ्याशी एक गेम खेळला.

तुमच्या जागी येणाऱ्यासाठी चार पानं लिहून ठेवा, कुठल्या कपाटाची चावी कुठे, हीटर कसा लागतो, कोणाला गटात आधी बोलायला लावायचं नाही. मुलांची खाजगी माहिती त्यात नको, ती सेफगार्डिंगवाल्यांकडे राहते. आल्यावर मुलांशी थेट संपर्क नाही, ख्रिसमसला क्लबच्या पत्त्यावर सगळ्यांसाठी मिळून एक कार्ड पाठवा, तेवढं पुरतं.

परत आल्यावर दुसऱ्या रविवारी मंडळीत मला अहवाल द्यायला उभं केलं. प्रोजेक्टरवर माझे फोटो लावले, रिकामा हॉल, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, टेबल टेनिसचं टेबल, टोस्टर, बर्फात चर्चचं दार. रुमालात तीनशे रुपये दिलेल्या आजी पुढच्याच बाकावर होत्या, त्या मोठ्याने म्हणाल्या, अगं पण पोरं कुठायत? मी सांगितलं आजी, त्यांचे फोटो दाखवता येत नाहीत, त्यांच्या आईबाबांना विचारलेलं नाही. आजींनी मान हलवली, किती जणं होती ते तरी सांग म्हणाल्या. सतरा, मी म्हणाले. शेवटच्या प्रार्थनेला त्या स्वतःहून उभ्या राहिल्या आणि त्या सतरा जणांसाठी प्रार्थना केली.